सासूबाईंची अळंब्यांची जागा

वर्षातले सहा आठवडे सोडले, तर आमच्या सासूबाई कधी खोटं बोलत नाहीत. ते सहा आठवडे पानगळीचे. पाऊस होऊन गेलेला असतो, सकाळच्या हवेला गारवा येतो, झाडं पिवळी पडायला लागतात आणि जंगलात अळंब्या उगवतात. मग दर रविवारी सकाळी साडेसहाला सासूबाई डोक्याला रुमाल बांधून, वेताची टोपली कोपरात अडकवून निघतात आणि अकराच्या सुमारास भरल्या टोपलीने परत येतात. रस्त्यात कोणी विचारलं, "कुठे मिळाल्या हो एवढ्या?" की उत्तर ठरलेलं: "नदीकडे."

नदीकडे खाण्याजोगी एकही अळंबी उगवत नाही, हे मला लग्नानंतर पाच वर्षांनी कळलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. तिथल्या एका मैत्रिणीला घेऊन मी मोठ्या तोऱ्यात नदीकाठचं रान पालथं घातलं आणि चिखलाने बरबटलेले बूट तेवढे घेऊन घरी आले. मिळाल्या त्या नुसत्या कुत्र्याच्या छत्र्या. सासूबाईंनी त्या नखाने उलटसुलट केल्या आणि सरळ कचऱ्यात टाकल्या.

"उशिरा गेलीस तू," त्या म्हणाल्या.

"आई, आम्ही सात वाजता तिथे होतो."

"तेच म्हणतेय मी."

माझ्या नवऱ्यालाही ती जागा माहीत नव्हती. पोटच्या पोराला माहीत नाही, तर सुनेची काय कथा! ती जागा मुळात सासऱ्यांनी शोधलेली. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. लग्न झाल्यावर पहिल्याच पानगळीत ते सासूबाईंना तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, ही जागा फक्त आपल्या दोघांची. पुढे ते गेले आणि जागेवर सासूबाईंचा एकटीचा हक्क राहिला. सासऱ्यांचा फोटो आमच्या पुढच्या खोलीत आहे. पण सासूबाईंना त्यांच्याशी काही बोलायचं असलं की त्या फोटोपुढे उभ्या राहत नाहीत, पानगळीची वाट बघतात, असं नवरा म्हणायचा.

सासूबाई स्वतः एकतीस वर्षं मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात होत्या. कपडे धुणाऱ्यांत नव्हे, शिवणाऱ्यांत. तळघरातली लांबट खोली, वाफेने सदा ओलसर भिंती, आणि टेबलावर फाटक्या चादरींचा ढीग. पलंगाच्या कडेला अडकून फाटलेल्या चादरी, नाड्या तुटलेले रोग्यांचे सदरे, डॉक्टरांचे उसवलेले खिसे. सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. निवृत्त झाल्या तरी सुई-दोरा कायम खिशात. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचं लोंबतं बटण दिसलं तरी यांचे हात शिवशिवतात.

आता किल्लीवाल्या काकांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट फार वाईट संपली असती.

काकांचं दुकान आमच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढी जागा. भिंतीभर कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या, मधोमध किल्ली कापायचं यंत्र, आणि त्याचा किर्रर्र आवाज दिवसभर. सत्तरीचा माणूस, अंगाने काटकुळा, बोलणं मोजकं. ते सासऱ्यांचे जिवलग मित्र. दुकानाच्या पाटीवर सासऱ्यांनी रंगवलेली पिवळी किल्ली अजून आहे. काका सासूबाईंना वहिनी म्हणत, दर दोन दिवसांआड घरी जेवायला असत.

हे सगळं मी ऐकलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या दोघांत शब्द उरला नव्हता. भांडणाची कहाणी अख्ख्या गल्लीला पाठ होती. सासरे गेले त्यानंतरच्या पहिल्याच पानगळीत सासूबाई एकट्या जंगलात गेल्या. आपल्या जागी बसल्या असताना त्यांना मागे पाचोळा वाजल्यासारखा वाटला. वळून पाहिलं तर झाडांमधून लगबगीने जाणारी काकांची पाठ! सासूबाई तशाच खाली आल्या आणि दुकानासमोर भर रस्त्यात उभं राहून म्हणाल्या, "माझ्या मागावर येता? मित्राला जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि त्याच्या बायकोची जागा लुटायला निघालात? लाज नाही वाटत?" काकांच्या हातात कानस होती.  ती ठेवून ते आत गेले.

त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हापासून आमच्या घरच्या किल्ल्या दोन गल्ल्या सोडून होत. एकदा दाराचं कुलूप अडकलं, तर सासूबाई तीन तास जिन्यात बसून राहिल्या, पण समोरच्या माणसाला हाक मारू दिली नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेला पडली होती. काका रविवारी दुकान उघडत नसत, पण पानगळीतल्या रविवारी सकाळपासून खुर्ची टाकून दारात बसलेले असत. सासूबाई टोपली घेऊन आल्या आणि आमच्या दारात शिरल्या की ते उठत, खुर्ची आत घेत आणि निघून जात. मला वाटायचं, काय हा माणूस! एवढ्या वर्षांनंतरही टोपलीत डोकावून बघायची हौस फिटत नाही याची.

तर त्या रविवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले, सासूबाईंचा पत्ता नाही. मी कांदा चिरून, तवा काढून तयार बसलेले. बारा वाजले तसा नवरा खिडकीत जाऊन उभा राहिला. त्यांचा फोन भिंतीला लावलेला, चार्ज होत पडला होता. तो त्या कधीच नेत नसत. "जंगलात फोन घेऊन बोलावू कोणाला, अळंब्यांना?" असं म्हणायच्या.

"नदीकडे जाऊन येतो," नवरा म्हणाला.

"अरे, त्या नदीकडे जात नाहीत."

"मग कुठे जातात?"

  तो तरी काय करणार, शेजाऱ्याची स्कूटर घेऊन नदीकडेच गेला. निदान काहीतरी केल्यासारखं. मी दहा मिनिटं घरात येरझाऱ्या घातल्या. जंगल म्हणजे काही बाग नव्हे, डोंगराच्या पायथ्यापासून पार पलीकडच्या खोऱ्यापर्यंत पसरलेलं. शोधायचं तरी कुठून? मग मनाशी ठरवलं, सासूबाई घर सोडून गेल्या तरी चालेल, पण आज मी समोरच्या दुकानात जाणार. चपला सरकवल्या, जिना उतरले, दार उघडलं.

समोर काका. रस्ता ओलांडून आमच्याच दाराकडे येत होते. पायात जाड बूट, पाठीला पिशवी, हातात काठी.

"आल्या नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. हा नदीकडे गेलाय बघायला."

"नदीकडे नाहीत त्या. बूट घाल. पाच मिनिटांत बस आहे."

मी धावत वर जाऊन बूट घालून आले. काही विचारायला वेळच नव्हता. बस शेवटच्या थांब्याला पोचेपर्यंत काका सारखे मनगटावरचं घड्याळ बघत होते. थांब्यापासून जुन्या दगडखाणीपर्यंत कच्चा रस्ता होता. खाण ओलांडली आणि जंगल सुरू झालं. काका पायवाट सोडून डावीकडे वळले.

मी जंगलात अशी कधी गेलेच नव्हते. मोठमोठी, राखी, गुळगुळीत खोडाची झाडं, आणि खाली घोट्यापर्यंत पाचोळा. वर पिवळ्या पानांतून ऊन झिरपत होतं, पण खाली गारठा. ओल्या मातीचा, कुजत्या पानांचा वास. जागोजागी अळंब्याच अळंब्या. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या, पांढऱ्याफटक, एकावर एक बशा रचाव्यात तशा ओंडक्यावर उगवलेल्या. मी एकीकडे बोट दाखवलं तर काका न थांबता म्हणाले, "त्या बघायच्या. हात लावायचा नाही."

चढ सुरू झाला तशी माझी छाती भरून आली. काकांची काठी मात्र एका लयीत पडत होती.

"तुम्हाला माहितीये त्या कुठे असतील?" मी शेवटी विचारलं.

"हो."

"म्हणजे त्या म्हणतात ते खरंय? तुम्ही त्यांच्या मागावर..."

"एकदा गेलो होतो," काका म्हणाले. "आता श्वास जपून वापर. वर निसरडं आहे."

कड्याच्या अलीकडे एक घळ होती. काकांनी काठी रोवली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली.

"वहिनी!"

एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या क्षणी मी फक्त उत्तराची वाट पाहत होते. एखाद्या पक्ष्याने फांदी सोडली तेवढा आवाज झाला. मग खालून, अगदी नेहमीच्या स्वरात, जरा चिडूनच आवाज आला, "ओरडताय कशाला? इथेच आहे मी."

आम्ही धरत-पकडत खाली उतरलो. घळीच्या तळाशी एका आडव्या पडलेल्या खोडाला टेकून सासूबाई बसल्या होत्या. चेहरा पांढरा पडलेला, ओठ निळसर. एक पाय समोर पसरलेला आणि घोटा बघवणार नाही असा सुजलेला. पडताना कोटाची बाही खांद्यापासून कोपरापर्यंत फाटली होती, आणि सासूबाई सुईत दोरा ओवून ती बाही शिवत होत्या. अर्ध्याहून जास्त शिवूनही झाली होती. टोपली शेजारी नीट उभी ठेवलेली, तिच्यातली एक अळंबीही सांडलेली नव्हती.

मी त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागले.

"पुरे, पुरे. सुई टोचेल," त्या म्हणाल्या, पण माझा हात त्यांनी सोडला नाही. त्यांचे हात बर्फासारखे गार होते. "नऊ वाजल्यापासून बसलेय. आधी हाका मारल्या. मग म्हटलं, इथे येतंय कोण ऐकायला? घसा कशाला बसवून घ्या! मग शिवायला घेतलं. हात चालू राहिले की मन ताळ्यावर राहतं."

काकांनी पिशवीतून जाड घोंगडी काढून त्यांच्या अंगावर टाकली, थर्मासमधला चहा ओतून दिला. मग पायाशी बसून हळूच बूट सोडवला. सासूबाईंनी डोळे गच्च मिटले. काकांनी दोन सरळ फांद्या तोडून आणल्या आणि स्वतःच्या मफलरला कात्री लावली.

"आडवं कापताय तुम्ही," डोळे न उघडता सासूबाई म्हणाल्या. "उभं कापा. आडवं ताणलं की सुटत जाईल."

काकांनी मुकाट्याने मफलर फिरवून घेतला आणि उभा कापला. फांद्या लावून पाय असा बांधला, की नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, कोणी बांधलं म्हणून.

खाली फोनला रेंज नव्हती. मला वर जावं लागणार होतं. मी उठले तेवढ्यात सासूबाईंनी डोळे उघडले आणि काकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलं असेल.

"तुम्हाला ही जागा कशी सापडली?"

"सापडली नाही. माहीत होती."

"त्या दिवशी माझ्या मागे येऊन बघून ठेवलीत, तेव्हापासून?"

"त्याच्या आधीपासून."

"मग कधी खुडल्या का नाहीत? मी दर वर्षी येते, दर वर्षी सगळं जिथल्या तिथे असतं."

"जागा तुमची आहे, वहिनी."

 मी पाय उचलायचा विसरले. वाऱ्याने पानं गळत होती, घोंगडीवर येऊन पडत होती.

"आधीपासून म्हणजे कधीपासून?" त्यांनी विचारलं. "ही जागा दोनच माणसांना ठाऊक होती. मी कोणाला सांगितली नाही. मग..." आणि त्या एकदम थांबल्या. "ह्यांनी सांगितलं?"

काकांनी मान खाली घातली. उरलेल्या मफलरची घडी घालत बसले. मग म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात. दवाखान्यात. म्हणाला, ती एकटी जाणार. अडवलं तरी जाणार. त्या घळीत निसरडं असतं. तू जरा लक्ष ठेव. पण तिला कळू देऊ नकोस. मी कोणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय तिला."

"म्हणून त्या दिवशी आला होतात."

"हो. तुम्ही इथे बसून त्याच्याशी बोलत होतात. मला ऐकायचं नव्हतं. म्हणून मागे फिरलो, तर पाचोळा वाजला."

"मग मी रस्त्यात एवढं तोंड सोडलं, तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुम्ही त्याच्यावर रागावला असतात. तो उत्तर द्यायला नव्हता. मी होतो, माझ्यावर रागावलेलं चालण्यासारखं होतं."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. रडतच होत्या, पण मध्येच हसूही फुटत होतं. "मेला लबाड माणूस!" त्या म्हणाल्या. "मला म्हणायचा, आपल्या दोघांचीच जागा!" मग डोळे पुसून काकांना म्हणाल्या, "आणि त्यानंतर? परत मागे आला नाहीत?"

"तुम्हाला आवडलं नाही म्हटल्यावर कसा येणार? दुकानाच्या दारात बसायचो. तुम्ही परत आलात की उठायचो."

एकोणीस पानगळी, प्रत्येकीतले सहा रविवार, खुर्ची टाकून बसलेला तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि टोपलीत डोकावण्याची हौस म्हणून मी मनातल्या मनात केलेली चेष्टा आठवली. मी घळीतून वर चढायला लागले.

वर जाऊन नवऱ्याला फोन केला, मग वनखात्याच्या चौकीला. चौकीवरच्या बाईंनी खाण ओळखली, पण घळ कुठली ते काही त्यांच्या लक्षात येईना. मग मी म्हटलं, खाणीपाशी या, मी येते उतरून घ्यायला. तासाभराने दोन वनरक्षक स्ट्रेचर घेऊन आले. उचलून घ्यायच्या आधी सासूबाईंनी दोन अटी घातल्या. एक, टोपली त्यांच्या मांडीवर राहील. दोन, इथून खाली गेल्यावर ही जागा कोणी कोणाला सांगणार नाही. दोघंही तिशीच्या आतले. त्यांनी गंभीर चेहऱ्याने माना डोलावल्या. त्यातला एक मात्र चालता चालता डावी-उजवीकडे बघून घेत होता, हे सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. "समोर बघा समोर," त्यांनी त्याला झोपल्या झोपल्या दटावलं.

दवाखाना त्यांच्या ओळखीचाच. घोट्याची दोन हाडं मोडली होती. शस्त्रक्रिया झाली, सळई बसली, प्लास्टर चढलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पायाचं होईल बरं. पण अंगाचं तापमान फार खाली गेलं होतं. अंधार पडून थंडी वाढली असती, तर सांगता आलं नसतं." मी वॉर्डात परतले तेव्हा सासूबाई चादरीच्या कडेचे टाके बघत होत्या. "हे मी शिवलेलं आहे," त्या म्हणाल्या. "बघ, अजून एक टाका निघाला नाही." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू खाली उतरलीस म्हणून मी वर आले गं." मी म्हटलं, काका आधीच निघाले होते. "ते वेगळं," त्या म्हणाल्या. "मी नाही नाही म्हणत असताना तू त्यांचं दार ठोठावायला निघालीस, हे मला पोचलंय." लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये जाऊन पुन्हा एकदा पोटभर रडून घेतलं.

त्या टोपलीतल्या अळंब्यांचं काय झालं ते सांगते. सासूबाईंनी वॉर्डातूनच हुकूम सोडला: प्रत्येक अळंबी काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय तव्यावर जाता कामा नये. काका संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात आले, दिव्याखाली एकेक उलटी करून बघितली. पिवळीधमक, कडा दुमडलेली, जर्दाळूसारखा वास. "वहिनींचा हात चुकत नाही," ते म्हणाले. मग लोणी, कांदा, वर दोन अंडी, भाजलेला पाव. आम्ही तिघं जेवलो, चौथा वाटा डब्यातून वॉर्डात गेला. काका पहिला घास घेऊन बराच वेळ चावत बसले. नवऱ्याने विचारलं, "काय झालं काका, मीठ कमी आहे?"

"मीठ ठीक आहे," ते म्हणाले. "वीस वर्षांनी खातोय."

सासूबाई घरी आल्यावर दहाव्या दिवशी म्हणाल्या, "मला खाली न्या." कुबड्या घेऊन, मला एका बाजूला धरून त्या जिना उतरल्या. मला वाटलं हवा खायची असेल. त्या रस्ता ओलांडून थेट दुकानासमोर उभ्या राहिल्या. आत दोन गिऱ्हाइकं, यंत्र किर्रर्र चाललेलं.

"बंद करा ते," सासूबाई म्हणाल्या. आवाज थांबला. भाजीवाली, बाजूचा चांभार, वरच्या गॅलरीतली माणसं, सगळे बघायला लागले. "मी रस्त्यात उभी राहून बोलले होते, म्हणून आजही रस्त्यातच बोलते. ह्यांनी माझं काही लुटलं नाही. मी चुकीचं बोलले. एकोणीस वर्षं चुकीचं वागले. आणि ह्यांच्यामुळे आज मी इथे उभी आहे. सगळ्यांनी ऐकलं ना?"

काकांचे कान लाल झाले होते. "वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "आत स्टूल आहे. बसा."

"बसते. पण आधी तो दारावरचा पडदा काढून द्या माझ्याकडे. काय अवस्था करून ठेवलीय त्याची!"

तो पडदा शिवला गेला. मग काकांचा कामाचा झगा, मग खुर्चीची गादी, मग कोटाच्या खिशांची अस्तरं, मग नवा मफलर, उभ्या धाग्याचा. काका मला एकदा कुरकुरत म्हणाले, "सांग त्यांना आता पुरे म्हणून. माझ्याकडे फाटकं काही उरलं नाही." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी काही सांगितलं नाही.

यंदाची पानगळ कोरडी गेली. पाऊसच नीट झाला नव्हता. सासूबाई काठी टेकत चालतात, चढ जमत नाही. म्हणून एका रविवारी आम्ही तिघं निघालो. त्या खाणीपाशी दगडावर बसल्या, आणि काका मला घेऊन घळीत गेले. गुडघ्यावर बसून पाचोळा कसा बाजूला करायचा, देठ मुळाशी कसा कापायचा, लहान कुठल्या तशाच ठेवायच्या, हे त्यांनी दाखवलं. दोन तास शोधून जेमतेम ओंजळभर मिळाल्या. खाली येताना मला संकोच वाटत होता. एवढी मोठी टोपली आणि तिच्या तळाशी एवढंसं काहीतरी.

सासूबाईंनी टोपलीत बघितलं. एक अळंबी उचलून नाकाशी नेली, डोळे मिटले.

"आल्या की गं," त्या म्हणाल्या. "एवढ्या कोरड्या वर्षातही आल्या."

मग त्यांनी काकांना विचारलं, बस किती वाजता आहे. अजून वेळ होता. उन्हात दगड तापला होता. काकांनी थर्मास उघडला आणि आम्ही तिघं तिथेच बसून चहा प्यायलो.